मासे पिकतात तेव्हा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्याचे लोक आणि जाम नदीपलीकडच्या सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. ती जत्रा आहे, भांडण नाही, हे बाहेरच्या माणसांना समजावता समजावता माझं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं गावातल्याच माणसांना समजावण्यात गेलं, की अशा गावात मी काचेचा धंदा का काढला.

माझं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. तसबिरीला चौकट करून देणं, खिडकीला काच बसवणं, कपाटाला आरसा लावणं, ही कामं. देवादिकांच्या तसबिरी, नवरा-नवरीचे फोटो, आमच्या वस्तीतल्या विहारातली बुद्धाची मोठी तसबीर, सगळ्यांवर माझ्याच हातची काच. दगडांच्या जत्रेमुळे माझी विक्री वाढते असं लोक गमतीनं म्हणायचे. खरं म्हणजे त्या दिवशी गावात सगळ्यात आधी दुकानाच्या फळ्या लावणारा मीच असायचो.

माशांचा धंदा मी निवडला नाही. तो दुरुस्तीला आला आणि परत गेलाच नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. रेल्वेतले एक साहेब माशांची गळकी टाकी घेऊन आले. तेव्हाच्या टाक्या म्हणजे लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिच्यात काचा, आणि फटींना पुट्टी. टाकी दुकानात ठेवली, आतला मासा बादलीत ठेवला, आणि साहेबांची बदली झाली. "माणूस पाठवतो न्यायला," असं सांगून ते गाडीत बसले. त्या माणसाची वाट मी अजून पाहतो आहे.

बादलीतला मासा वीतभर लांब, पिकल्या संत्र्यासारखा केशरी, आणि कपाळावर कोणी काठी मारल्यासारखं टेंगूळ. पाण्यात बोट घातलं की चावायचा. गिऱ्हाईक दुकानात आलं की काचेशी येऊन त्याला खालीवर न्याहाळायचा. मी टाकी दुरुस्त केली आणि तो तिचा मालक झाला. माझी बायको शकुंतला दुपारचा डबा घेऊन दुकानात यायची. तिनं त्याचं नाव ठेवलं 'जावई'.

"रुसते, खाते, अन् बसल्या जागेवरून सगळ्यांवर डोळे काढते," ती म्हणाली. "जावई नाही तं काय?"

"अवं, आपली पोरगी अजून बालवाडीत आहे."

"म्हून तं आतापासून सवय करून राहिली."

हा मासा आहे तरी कोण, हे विचारायला मी नागपूरच्या मासेवाल्याकडे गेलो. मी वर्णन सांगताच तो म्हणाला, "सिक्लिड आहे." मला ऐकू आलं, 'शिकलेला आहे.' घरी येऊन तसंच सांगितलं. शकुंतला म्हणाली, "शिकलेला असता तं चावला असता का?"

पुढे दोन-चार खेपांत मला थोडं कळलं, ते इथे सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला पुढचं सोपं जाईल. सिक्लिड हे माशांचं एक मोठं कूळ. त्यात नाना जाती. बाकीचे बरेच मासे अंडी टाकून निघून जातात, मागे वळूनही बघत नाहीत. हे तसं करत नाहीत. हे जोडीनं राहतात, जागा झाडून साफ करतात, अंड्यांवर पहारा देतात, पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांना घेऊन फिरतात, आणि शेजाऱ्याशी भांडतात. म्हणजे संसारच करतात. आमचा जावई लाल-केशरी जातीचा नर होता, आणि त्याच्या जातीची मादी नागपुरात कुठेच नव्हती.

मासेवाल्यानं एका कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट दाखवलं. आत जांभळट रंगाची, अंगावर काळे पट्टे असलेली एक मादी एकटीच होती. एकटी का, तर सोबतच्या सगळ्यांना तिनं झोडपून काढलं होतं. "जात दुसरी आहे," तो म्हणाला, "पण कूळ एकच. जमलं तर जमेल."

मी घरी विचारलं. शकुंतला म्हणाली, "आंतरजातीय आहे ना? मंग आपल्या घरी तं झालंच पाह्यजे."

मादी मी रेल्वेनं आणली. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात ती, आणि पिशवी स्टीलच्या डब्यात. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं डब्यात डोकावून विचारलं, "भाऊ, रस्सा करता का तळता?"

"लगन लावून राहिलो जी," मी म्हणालो. त्यानंतर तो बाबा थेट पांढुर्ण्यापर्यंत आपली पिशवी मांडीवर घेऊन बसला.

दोघांना एकदम सोडलं असतं तर एकच उरला असता. मी टाकीच्या मधोमध काच बसवली आणि काचेला खाली एक भोक पाडलं, मादी जाईल एवढं, नर अडकेल एवढं. काचेला भोक पाडणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे तेवढ्या बाबतीत मी नागपूरच्या मासेवाल्यापेक्षा पुढे होतो. तिला वाटलं तर ती पलीकडे जाई, भांडण झालं की परत येऊन आपल्या खोलीत बसे. शकुंतलेला ही व्यवस्था फार आवडली. आपल्या घरातही असं एक भोक असावं असं ती म्हणाली.

थोड्या दिवसांनी मादीनं भोकाला लागून ठेवलेलं कवेलू, म्हणजे छपराचं कौल, तोंडानं घासून लख्ख केलं आणि त्यावर अंडी घातली. मग जावई भोकापलीकडे आणि ती इकडे, असा दोघांचा पहारा सुरू झाला. पिल्लं निघाली तेव्हा ज्वारीच्या कोंड्यासारखी दिसत होती. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक मलमलीतून गाळून आम्ही ती वाढवली. लाइट गेली की हवेचा पंप बंद पडायचा. मग मी आणि शकुंतला आळीपाळीनं लोट्यानं पाणी उचलून वरून ओतत बसायचो. चौकटीसाठी आलेली गिऱ्हाइकं उभी राहून बघत आणि काय नवस बोललो आहे ते विचारत.

पिल्लं वाढली आणि सगळीच्या सगळी राखाडी निघाली. बापाचा केशरी नाही, आईचा जांभळा नाही. जामच्या डोहात फडक्यानं धरावीत तशी मासोळी. काही महिने गेले. मग त्यातला एक एके दिवशी काळा पडायला लागला. आधी पाठ, मग शेपूट, मग सगळा, कोळशासारखा. मला वाटलं, रोग आला. मी त्याला वेगळा काढून पाण्यात मीठ टाकलं. आठवड्याभरानं बघतो तर पोटाखालचा काळा रंग फाटला होता, आणि फाटलेल्या जागेतून केशरी दिसत होतं. पुढे तो काळा थर तुकड्या-तुकड्यानं गळत गेला आणि आतून पुरा जावई बाहेर आला, टेंगळासकट.

या माशांचा रंग असा असतो. वर काळ्या-करड्याचा थर, खाली केशरी. वय झालं की काहींचा वरचा थर मरतो. मरण्याआधी तो जास्तच गडद होतो, म्हणून मासा आधी काळा पडतो. पण हे सगळ्यांच्या नशिबात नसतं. काही जन्मभर राखाडी राहतात. झिंगे, गाजर, लाल भोपळा खाऊ घातला तर आलेला रंग खुलतो, पण न येणारा रंग खाण्यानं येत नाही. तो रक्तात असावा लागतो. आणि कोणाच्या रक्तात आहे, हे राखाडीपणी ओळखता येत नाही. धंद्याची सगळी गोम इथे होती. मला राखाडी मासा विकून 'पुढे केशरी होईल' असं सांगायचं होतं, आणि तेही 'बहुतेक' हा शब्द लावून.

पांढुर्ण्यात काहींनी मासे नेले, पण नीट कोणी ऐकेना. एका गिऱ्हाइकानं माशाला लवकर रंग यावा म्हणून टाकीत वाटीभर हळद घातली. दुसऱ्यानं नवीन घराला पोपटी रंग दिला होता, त्याला भिंतीला शोभेल असा मासा पाहिजे होता. होईल केशरी, पण पोपटी होणार नाही, असं मी सांगितलं तर तो म्हणाला, "मंग भिंतच बदलावी लागते."

तेव्हा नत्थूजी आले. रामाकोन्याकडचे संत्र्याचे मोठे बागवान. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला वाटायचं, आपल्यालाच हाक मारली.

"मनोहर तूच का? मले मासे पाह्यजे. केशरी. माह्या बगीच्यात जसा रंग येते तसा."

कारण मागाहून कळलं. त्यांचे व्याही शामरावजी बोरगावचे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. या इवायानं नागपुराहून काचेची टाकी आणि लाल गोल्डफिश आणले होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांचं दर्शन घडवायला सुरुवात केली होती. नत्थूजींना त्याहून मोठी टाकी आणि त्याहून मोठे मासे पाहिजे होते.

"केशरी दोनच आहेत जी, ते मी वाणासाठी ठेवले. बाकीचे कच्चे आहेत."

"मासे बी पिकतेत का?"

"हे पिकतेत."

नत्थूजी टाकीजवळ गेले. संत्र्याचा बगीचा कसा पाहतात तसे पाहू लागले. फळ हिरवं असताना, झाडावर असतानाच सौदा ठरवायची त्यांची हयात गेलेली. बराच वेळ बघून त्यांनी संत्र्याचा हंगाम विचारावा तसं गंभीरपणे विचारलं, "कोणता बहार धरला? अंबिया का मृग?"

या माणसाशी माझं जमणार, हे मला तिथेच कळलं.

टाकी बैलगाडीत कपाशीच्या गाठोड्यांवर ठेवून त्यांच्या घरी नेली. पहिल्या दिवशी मला चहा अंगणात मिळाला. आमच्या लोकांना तो कुठे मिळतो आणि कशात मिळतो हे बघायची सवय असते. पण टाकी काही अंगणात बसत नाही. ती बैठकीतच ठेवावी लागते, आणि पाणी, पंप, मासे हे सगळं ज्यानं बसवलं त्यालाच आत येऊन बघावं लागतं. पुढच्या खेपेला चहा माझ्यामागून बैठकीत आला, कपबशीत. काचेच्या धंद्याचा असाही एक फायदा.

घरात खरा अंमल नत्थूजींच्या पत्नी पार्बताबाईंचा. माशांना झिंगे घाला, असं मी सांगितलं तेव्हा त्या उंबरठ्यावरच आडव्या आल्या.

"हे पाहा भाऊ, मासे पाळा. पण मास-मच्छी माह्या घरात येणार नाही."

"बाई, हे मासेच आहेत."

"हे जिते आहेत. जित्याचं काही नाही."

शेवटी गाजर आणि लाल भोपळ्यावर तडजोड झाली. गांडुळांचा प्रश्न आला तेव्हा मी म्हणालो, की गांडूळ जमिनीतून खणून काढतात, त्याला कंदमुळातच धरायला हवं. त्यांनी थोडा विचार केला आणि मान्य केलं. एकादशीला मात्र भोपळाही बंद. त्या दिवशी माशांना भिजवलेला साबुदाणा मिळायचा, आणि ते तो आवडीनं खायचे.

महिन्या-दोन महिन्यांनी शामरावजी सोयऱ्याची टाकी बघायला आले. मी पंप दुरुस्त करत तिथेच बसलो होतो. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं, सरळ झाले, पुन्हा वाकले.

"इवाई, ह्या तं नालीतल्या मासोळ्या होय."

"पिकायच्या आहेत अजून," नत्थूजी म्हणाले.

"पिकतीन नाही तं सडतीन."

शामरावजींची मुलगी सुनंदा म्हणजे नत्थूजींची सून. पहिलं बाळंतपण, ते माहेरी व्हायचं होतं. तिला घेऊन जायलाच शामरावजी आले होते. बोलता बोलता शब्दाला शब्द लागला आणि दोघांनी पैज लावली. बारशापर्यंत मासे केशरी झाले तर नातवाचं नाव नत्थूजी ठेवणार, नाही झाले तर शामरावजी. दोघांनाही आपापल्या वडलांचं नाव द्यायचं होतं. एकाचे वडील धोंडबा, दुसऱ्याचे झिंगरू. आत पाटावर बसलेल्या सुनंदाचा चेहरा मी पाहिला. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि दोन्हीपैकी कोणीही जिंकलं तरी ती हरणार होती.

सुनंदा माहेरी गेली. काही दिवसांनी नत्थूजी बसनं पांढुर्ण्याला आले. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी दारातूनच गर्जना केली.

"मनोहर! तुहे मासे जळाले!"

"म्हणजे?"

"कोळसा झाले! इवायाची नजर लागली म्हून बाईनं मीठ ओवाळलं, तरी आणखीनच काळे होऊन राहिले. बाळंतपण तोंडावर आलं. तू मले सोयऱ्यात खाली पाहायला लावून राहिला!"

चौघांनी ऐकलं म्हणजे पांढुर्ण्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून लोक बरण्या हातात घेऊन दुकानात यायला लागले. त्यांचे मासे ना काळे पडले होते, ना पिकले होते, पण परत करायचे होते. तसबिरीची गिऱ्हाइकंसुद्धा चौकटीचा रंग जाणार नाही ना, असं विचारायला लागली. शकुंतला म्हणाली, "बाप्पा, आता काचही काळी पडते म्हणतीन." ती हसत होती, पण मला हसू येत नव्हतं. लोकांचा माझ्या बोलण्यावरचा विश्वास, हेच माझ्या दुकानातलं खरं भांडवल होतं. आणि मनातून मलाही खात्री नव्हती. एक मासा काळा पडून पिकला होता, म्हणजे सगळे तसेच पिकतील असं कुठे आहे?

मी रामाकोन्याला गेलो. बैठकीत नत्थूजी टाकीकडे पाठ करून बसले होते. मासे खरंच काळे ठिक्कर झाले होते. दोन-तीन तेवढे राखाडीच होते. मी टाकीसमोर उकिडवा बसलो आणि एकेक मासा बघत गेलो. सगळ्यात थोराड मासा वळला तेव्हा त्याच्या कल्ल्याखाली तिळाएवढा एक ठिपका दिसला.

"दादाजी, चष्मा लावा अन् या."

"कायले? मयत पाहाले?"

"या तं खरं."

ते आले. वाकले. कल्ल्याखाली पाहिलं. मग टोपी काढली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"केशरी आहे बे," ते हळूच म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात, "अवं, फळ पाडावर आलं!"

बोरगावहून निरोप आला, मुलगी झाली. एवढ्या महिन्यांत ही शक्यता दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. पण पैज काही मोडली नाही. दोघांनी आपल्या वडलांची नावं मागे घेतली आणि आयांची पुढे केली. नत्थूजींकडून ठकूबाई, शामरावजींकडून भिवराबाई.

बारसं बोरगावला, म्हणून मासे बोरगावला न्यावे लागणार होते. नत्थूजींचं म्हणणं, पुरावा पंचासमोर पाहिजे. मी परोपरीनं सांगितलं, की प्रवासात हा मासा घाबरतो आणि घाबरला की रंग टाकतो. ऐकतो कोण! पूर्ण पिकलेले दोन मासे दुधाच्या कॅनमध्ये घालून आम्ही बसनं निघालो. नत्थूजी, पार्बताबाई, त्यांची लेक बेबीताई, ही बाळाची आत्या, आणि कॅन मांडीशी धरून मी. कंडक्टरनं दूध समजून झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत घट्ट लावलं.

शामरावजींच्या अंगणात मांडव होता. आत पाळणा सजलेला, बायका जमलेल्या. मी एक मोठं स्टीलचं पातेलं मागितलं, कारण पितळेच्या घंगाळात मासा मरतो. पातेलं घासून येईपर्यंत थांबा, असं नत्थूजींना बजावून मी विहिरीकडे गेलो. परत येतो तर बैठकीत गर्दी. दोघा इवायांचं एकमत झालं होतं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. "तुमच्याच काचेत टाकून पाहू," नत्थूजी म्हणाले होते, आणि शामरावजी म्हणाले होते, "टाका ना जी!" आणि त्यांनी थोराड मासा गोल्डफिशच्या टाकीत सोडला होता.

मासा तळाशी निपचित पडला होता. घाबरून त्याचा रंग पार उतरला होता. केशरी सोडाच, तो फिकट, मातकट दिसत होता. शामरावजी टाळी वाजवून हसले.

"हे का केशरी? हा तं भिजवलेला साबुदाणा होय!"

पार्बताबाईंनी चमकून पाहिलं. ही उपमा त्यांच्या वर्मी लागली असावी.

"काढा त्याले बाहेर," मी पातेलं घेऊन घुसायला लागलो. "काढा आधी!"

तेवढ्यात समोरून एक गोल्डफिश शेपटी हलवत गेला. आमच्या माशाचा डोळा फिरला. तो उठला. कल्ले फुगले, पंख ताठ झाले, आणि बघता बघता त्याच्या अंगावर रंग चढला. आधी पोट, मग गाल, मग टेंगूळ. खोलीत उजेड पडावा असा केशरी.

"आला! रंग आला!" नत्थूजी ओरडले.

आणि माशानं झडप घातली. सगळ्यात छोटा गोल्डफिश गायब झाला. नुसती लाल शेपटी त्याच्या तोंडाबाहेर राहिली होती, तीही हळूहळू आत गेली.

"खाल्ला! माहा मासा खाल्ला!" शामरावजी ओरडले.

"रंग आला का नाही ते सांगा!"

"माहा मासा आणून द्या आधी!"

दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडण मिटण्याची सोय नव्हती. पार्बताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. भोपळ्यावर वाढवलेलं लेकरू त्यांच्या डोळ्यांदेखत बिघडलं होतं. "अन् आज चतुर्थी," एवढंच त्या म्हणाल्या. मी बाह्या वर करून टाकीत हात घातला होता, आणि मासा दुसऱ्या गोल्डफिशमागे होता, आणि मधूनमधून माझ्या बोटांमागे.

आतल्या दारात सुनंदा येऊन उभी राहिली. कडेवर पोरगी, तारस्वरात रडणारी.

"बाबा," ती वडलांना म्हणाली, मग सासऱ्यांकडे वळली. "मामाजी. दोघंही इकडे पाहा." दोघांनी पाहिलं. "पोरगी मघापासून रडून राहिली, अन् तुम्ही मासोळ्या पाहून राहिले. हिचं नाव कोणत्या मासोळीच्या रंगावर ठरणार नाही. बेबीताई, तुम्हाले सांगतलं ना मी? घ्या इले, अन् म्हणा."

बेबीताई पुढे झाल्या, पोरीला पाळण्यात ठेवलं, कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "संगीता!" बायकांनी कुर्रर्र केलं, पाठीवर धपाटे घातले, पेढे वाटले गेले. ठकूबाई आणि भिवराबाई दोघीही जिथे होत्या तिथेच राहिल्या. दोन्ही आजोबा ओले हात धोतराला पुसत उभे होते. थोड्या वेळानं नत्थूजींनी पेढा मोडला आणि अर्धा इवायाला दिला. "पोरीचं नाक तुमच्यावर गेलं," ते म्हणाले. आमच्या भागात याला माफी म्हणतात.

मासा मी कसाबसा कॅनमध्ये परत घातला. निघताना शामरावजी मला मांडवाच्या कोपऱ्यात घेऊन गेले. मला वाटलं, गोल्डफिशचं काही बोलतील. ते म्हणाले, "मनोहरभाऊ, असा एक मलेही पाह्यजे. पण कच्चा द्या. मले त्याले काळा पडताना पाहायचं आहे."

त्यानंतर माझी चांगली वर्षं आली. बोरगाव, रामाकोना, सौसर, सगळीकडून माणसं राखाडी मासे न्यायला यायची. रंग येईल का असं कोणी विचारेना. सगळे एकच विचारायचे, "बारशात मासा खाल्ला तो याचाच भाऊ का?" परत आलेल्या बरण्यांचे मालक पुन्हा बरण्या घेऊन आले. काळा पडलेला मासा आता लोक शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे.

पण जावई म्हातारा झाला आणि एका हिवाळ्यात गेला. त्याच्या मागोमाग ती पट्टेवालीही गेली. वाण पुढे चालवायला मी त्यांच्या पिल्लांमधलाच एक पिकलेला नर आणि एक पिकलेली मादी धरून ठेवली होती. जोडी चांगली जमली. त्यांनी कवेलू घासलं, अंडी घातली, पहारा दिला. आणि अंडी पांढरी पडली. पांढरं अंडं म्हणजे मेलेलं अंडं. पुन्हा घातली, पुन्हा पांढरी. नागपूरचा मासेवाला म्हणाला, दोन जातींचं मिश्रण असलं की पुष्कळदा नर असा निघतो, रंगानं राजा पण पुढे वंश नाही. मी दुसरे नर लावून पाहिले. तेच. तो केशरी रंग त्या एका जोडीबरोबर आला होता आणि त्यांच्या पोरांबरोबर जाणार होता. मी काच कितीही नेमकी कापली तरी या गोष्टीला माझा इलाज नव्हता.

वाईट त्या जोडीचं वाटायचं. अंडी बुरशीनं कापसासारखी व्हायची, तरी मादी पंखानं वारा घालत राहायची. नर समोर उभा, कोणालाही जवळ येऊ द्यायचा नाही. कवेलू काढून टाक, असं शकुंतला एकदा म्हणाली आणि मग स्वतःच म्हणाली, "राहू दे."

एकदा शेजारच्या टाकीत, नागपुराहून मागाहून आणलेल्या पट्टेवाल्या जातीच्या एका जोडीला खूप पिल्लं झाली होती, टाकीला न पेलण्याइतकी. मी त्यातली मूठभर रबरी नळीनं ओढून घेतली आणि त्या पांढऱ्या अंड्यांच्या कवेलूजवळ सोडली. हातात जाळी घेऊन उभा राहिलो. पिल्लं पाण्यात विखुरली. नर पुढे आला, बारशातल्या माशाचा सख्खा भाऊ. त्यानं तोंड उघडलं आणि एक पिल्लू आत घेतलं.

"गेलं," शकुंतला म्हणाली.

तो वळला, कवेलूपाशी गेला आणि मादीच्या पुढ्यात ते पिल्लू हळूच बाहेर सोडलं. मग दुसरं आणलं. मग तिसरं. मादीनं वारा घालणं थांबवलं आणि ती त्या घोळक्यावर येऊन उभी राहिली. मी जाळी खाली ठेवली.

दुपारी एक गिऱ्हाईक चौकट न्यायला आलं. चौकट काखेत धरून ते टाकीसमोर थांबलं. केशरी बाप, केशरी आई, मधे राखाडी पट्ट्यांची पोरं.

"एकही बापावर नाही गेलं जी," ते म्हणालं.

"थांबा ना जरा," शकुंतला म्हणाली. "लहान आहेत अजून."